आधी काय बंद करायचं?

आमचे घरमालक भाडेकरूंना आडनाव विचारत नसत, बादल्या विचारत.

हैदराबादच्या मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्ल्यांतून मी आणि माझा नवरा जागा शोधत हिंडत होतो. सहा घरं पाहून झाली होती. मराठी मालक भेटला की आधी आनंदीआनंद. तुम्ही नांदेडकडचे का, अरे वा, आमच्या वहिनी तिकडच्याच, बसा, चहा घ्या. मग हळूच आडनाव. आमचं आडनाव ऐकलं की चहा यायचाच राहायचा, आणि वरच्या खोल्यांत नेमका त्याच आठवड्यात त्यांचा कुणी भाचा राहायला येणार असायचा. सातव्या घरी मी ठरवूनच गेले की आडनाव आधीच तोंडावर फेकायचं आणि मागे फिरायचं. दार उघडलं एका उंच, वाळक्या गृहस्थांनी. सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी आडनाव सांगितलं. ते म्हणाले, "ते राहू दे. रोजच्या बादल्या किती?"

मला वाटलं, नाही म्हणायचा हा नवीन प्रकार दिसतोय. नवरा चाचरत म्हणाला, "दहा-बारा."

"दहा की बारा?"

"बारा."

"पाहुणे असताना?"

मग त्यांनी छापील फॉर्म काढला. घरात माणसं किती, कपडे धुण्याचा वार कोणता, इस्त्री आठवड्यातून किती वेळा, असे बावीस प्रश्न. जात नाही, गाव नाही, खाण्यापिण्याचं नाही. मी पान उलटून तेविसावा प्रश्न शोधला, तो नव्हताच. सही केली आणि पायऱ्या उतरताना मला रडू आलं. नवरा म्हणाला, "आता काय झालं? मिळाली ना जागा?" काय झालं ते माझं मलाच कळत नव्हतं.

ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. शेवटची काही वर्षं त्यांनी विजेचे नियम ठरवणाऱ्या आयोगाच्या कचेरीत काढली होती. तिथली पद्धत अशी की कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी लोकांना बोलवायचं, प्रत्येकाचं म्हणणं ऐकायचं, आणि मग कारणं लिहून हुकूम काढायचा. जनसुनावणी म्हणतात तिला. माणूस निवृत्त झाला पण सुनावणी घरी घेऊन आला. आम्ही त्यांना तोंडावर काका म्हणायचो आणि पाठीमागे आयोग. "आयोग येतायत, नळ बंद कर," असं.

घर तीन मजली. खाली काका-काकू, मधे आम्ही, आणि वर गुंटूरकडच्या एक गणिताच्या टीचर आणि त्यांचे मिस्टर. एवढ्या तीन बिऱ्हाडांच्या कारभारासाठी त्यांनी काढलेल्या हुकमांचा आकडा आम्ही राहायला गेलो तेव्हाच शंभराच्या पुढे गेला होता. टाकीच्या झाकणावर पापड वाळवता येतील का, या प्रश्नावर दोन रविवार सुनावणी चालली. सुनावणीला ते कोट घालायचे. हैदराबादच्या मे महिन्यात कोट. टीचर हसू दाबत उभ्या राहायच्या आणि मी घाम पुसत म्हणायचे, "काका, वाळवू द्या ना, पापडच आहेत." ते लिहून घेत आणि म्हणत, "कारण दे. 'पापडच आहेत' हे कारण नाही."

हुकूम मीटरच्या पेटीवर चिकटवायचे, तेलुगूत, उर्दूत आणि मराठीत. खरं सांगते, मी शिकले तेलुगू माध्यमात. घरी मराठी बोलायचो, पण वाचायचं म्हटलं की मी एकेक अक्षर लावत बसायची. मराठी नीट वाचायला मी शिकले ती त्या मीटरच्या पेटीपाशी. 'सबब', 'तूर्तास', 'उपरोक्त', असले शब्द माझ्या तोंडी बसले ते तिथून. अंबरपेठेतली माझी बहीण फोनवर म्हणायची, "कायकू असं तहसीलदारासारखं बोलतीस?"

आणि मग ते बेट.

ते कुठलं बेट, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. कामाची गुप्तता, म्हणायचे. कुठल्याशा महासागरातला एक चिमुकला देश. तिथला एक अधिकारी कधीतरी हैदराबादला प्रशिक्षणाला आला होता, काकांनी त्याच्या वर्गाला शिकवलं होतं, आणि काका निवृत्त झाल्यावर त्याने लिहिलं की आमच्याकडे पाणी आणि वीज दोन्हीला मिळून नियम नाहीत, ते तुम्ही करून द्या. काका तिकडे गेले नाहीत. कसे जाणार, काकूंना सोडून? सगळं ई-मेलवर. पुढल्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला त्या बेटाचा नकाशा होता, आणि बाजूला आमच्या घराचा नकाशा. बेटावरच्या पॉवरहाउसला लाल रंग, आमच्या जनरेटरला लाल रंग. तिकडे समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र, इकडे अंगणातली जमिनीखालची टाकी, दोन्हींना निळा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसाचं डोकं फिरलंय. नंतर वाटलं, नसेल. मग परत वाटलं, फिरलंय. हे माझं अजून चालूच आहे.

गंमत म्हणजे या माणसाने समुद्र पाहिला नव्हता. जन्म परभणीकडचा, हयात हैदराबादेत. काकू बायकांच्या सहलीबरोबर रामेश्वरला जाऊन आल्या होत्या. काका त्यांना जेवताना विचारायचे, "खारट म्हणजे किती खारट?" काकू म्हणायच्या, "तुमच्या आजच्या आमटीएवढं." कारण आमटी तेच करायचे. काकूंचा दम गेला होता. तरुणपणी चुलीवर, मग कोळशाच्या शेगडीवर, फुप्फुसं कामातून गेली म्हणे. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं होतं. विजेवर चालणारं, छोट्या कपाटाएवढं, त्याची नळी नाकाला लावून काकू दिवसभर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. ते मशीन सारखं धापा टाकायचं आणि काकू त्याला सवत म्हणायच्या.

बेटावर सगळं तेलावर. तेलावर वीज, आणि विजेवर पाणी. तेलाचं जहाज महिन्या-दीड महिन्याने यायचं आणि कधी कधी यायचं नाही. जहाज अडकल्याची ई-मेल आली की काका इकडे फ्रीज बंद करत आणि अर्ध्या बादलीत आंघोळ करत. काकू म्हणायच्या, "जहाज तिकडं अडलं आणि आंघोळ इकडं अडली." काका म्हणायचे, "सोसून पाहिल्याशिवाय नियम कसा लिहायचा?"

नियमावली सगळी लिहून झाली होती. टाइप मी करून द्यायची, इंग्रजीतून, ऑफिसातून आल्यावर. फक्त चौदावं कलम कोरं होतं. त्या कलमाचा प्रश्न असा: तेल संपत आलंय, जहाज आलेलं नाही, दोन्ही चालवता येत नाहीत. आधी काय बंद करायचं, पाणी की करंट?

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही ते सांगा. भाजीवाल्या अम्माला विचारला. ती म्हणाली, पाणी राहू दे, करंट काय प्यायचाय? टीचरना विचारला, त्या म्हणाल्या, परीक्षा चालू असेल तर करंट राहू दे. सुलतान बाजारात फायली आणायला गेले, तिथे फायलीवाल्याला विचारला. येताना घरापाशी उतरल्यावर ऑटोवाल्याला विचारला. तो म्हणाला, "साब, पहले ये सवाल बंद करो." काकांनी तेही वहीत लिहून घेतलं. मला तर आठवड्यातून दोनदा विचारायचे. मी सोमवारी पाणी म्हणायची आणि गुरुवारी करंट. ते माझं मागचं उत्तर वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "मधे काय बदललं?" काय बदलणार? सोमवारी कपडे धुवायचे असायचे आणि गुरुवारी इस्त्री.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, एवढं सगळ्यांना विचारून होतंय काय? लिहा काहीतरी एक."

तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील निजामाच्या राज्यात महसुलात कारकून. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा कारकुनांनाही वाटायचं होतं. वडिलांच्या मनात परभणीला जायचं होतं. तिथे जमीन, भाऊ, आई. पण ते तापाने पडले होते आणि त्यांचा कागद हेडक्लार्कने भरून टाकला. चांगल्या मनानेच भरला. इथंच राहा, शहर आहे, मुलं शिकतील. मुलं शिकली खरी. "पण बापाला कुणी विचारलं नाही," काका म्हणाले. "मरेपर्यंत जेवायला बसले की म्हणायचे, मला एकदा विचारायचं तरी. म्हणून मी विचारतो. सगळ्यांना विचारतो."

त्या दिवशी मला काकांचा फार अभिमान वाटला. हे आवर्जून सांगते, कारण पुढचं सांगायचं आहे.

ते वर्ष राज्याचे पुन्हा दोन तुकडे होण्याचं. माझ्या ऑफिसात कपाटं, खुर्च्या, टेबलं, सगळ्यांवर खडूने इकडचं-तिकडचं लिहिलं होतं. माणसांसाठी फॉर्म होते. सगळे एकमेकांना विचारायचे, तू इकडची की तिकडची? मी काय सांगणार? वडिलांचं गाव तिसऱ्याच राज्यात. शिक्षण तेलुगूत, घरात मराठी, बाजारात दखनी. माझा फॉर्म कपाटावर पडून होता. 'पसंती' असा एक रकाना होता त्यात, आणि मला पसंती म्हणजे काय तेच कळेनासं झालं होतं. वरच्या टीचर गुंटूरकडच्या, म्हणजे तिकडच्या, त्यांना तर शाळेत मुलंच विचारायची, "टीचर, तुम्ही कधी जाणार?" पंधरा वर्षं राहिलेल्या बाईला.

त्या उन्हाळ्यात करंट रोज जायचा. सकाळी सहाला गेला की दहाला यायचा. काकांचा लहान जनरेटर होता, त्यावर एक तर मोटर चालायची नाहीतर काकूंचं मशीन. दोन्ही एकदम लावलं की तो गुदमरून बंद पडायचा. सातला मोटर लावली नाही तर वरच्या टाकीत पाणी नाही, आणि आम्ही सगळे आठला कामावर निघणार. पण आमचं पाणी कधी चुकलं नाही. सातला मोटर घूं करायची, नळाला पाणी यायचं, मी आंघोळ करून निघायची. काकूंचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाटायचं, केली असेल काकांनी काही सोय. एवढे हुशार आहेत.

एके दिवशी निम्म्या जिन्यावरून मी छत्री घ्यायला परत फिरले आणि फिरता फिरता खाली पाहिलं. काकांचं दार उघडं होतं. मोटर चालू होती. काकू खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर पडले होते. मशीन गप्प होतं. समोर स्टुलावर काका बसलेले, एका हातात काकूंचं मनगट, दुसऱ्या हातात घड्याळ. मी दारात जाऊन उभी राहिले तर ते वर न बघता म्हणाले, "अजून बावीस मिनिटं."

वर माझ्या मोरीत नळ थोडा गळायचा, तो टपटपतोय असं मला तिथे उभी असताना वाटायला लागलं. मी म्हटलं, "काका, मोटर बंद करा."

"हुकूम आहे," ते म्हणाले. "सार्वजनिक गरज आधी. नियम करणाऱ्याचं घर शेवटी."

"कुणी केला हुकूम?"

"मी."

"मग तुम्हीच बदला."

"मी कसा बदलू? माझ्याच बायकोसाठी बदलला असं होईल."

आत कोपऱ्यात छोटा सिलिंडर होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो संकटकाळासाठी राखून ठेवलेला. आणि संकट कशाला म्हणायचं याचा खुलासा त्यांनी अजून लिहिला नव्हता. हे त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं, आणि सांगताना काकूंचं मनगट काही सोडलं नाही. मला त्या माणसाचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याची दया आली. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं असतं ते मला आजही माहीत नाही. दीड महिना मी त्या पाण्याने आंघोळ करत होते.

काकू मान वर करून, तुटक तुटक म्हणाल्या, "बाई, तुझी बस चुकेल."

मी बस चुकवली. "आधी मोटर बंद, मग बोला," म्हणत मी स्वतः बटण दाबायला निघाले. काका उठून आडवे आले. "अर्ज दे," म्हणाले. "कुणीतरी अर्ज द्यायला हवा. मला देता येत नाही." ते हुकूम दिल्यासारखं म्हणत नव्हते. गयावया करत होते. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की हा माणूस दीड महिना कुणीतरी अर्ज देईल म्हणून वाट बघतोय.

तिथेच, मीटरच्या पेटीला टेकून, मी अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला मराठी कागद. ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटंपालटं. 'सबब मोटर तूर्तास बंद करावी.' काकांनी तो वाचला, तारीख घातली, लिहिलं, 'सुनावणीपर्यंत मोटर बंद', आणि धावत जाऊन मोटर बंद केली आणि मशीन लावलं. धावत. त्या वयात. चप्पल एका पायातली दारातच राहिली.

रविवारी सुनावणी झाली. काकांनी कोट घातला आणि मग आपली खुर्ची उचलून भिंतीकडे नेऊन ठेवली. "या प्रकरणात मला बसता येणार नाही," म्हणाले. माझा अर्ज, म्हणून मला नाही. नवरा माझा, म्हणून त्याला नाही. टीचरच्या मिस्टरांनी हात जोडले. राहिल्या टीचर. त्यांनी आधी नक्को नक्को केलं, पण एकदा खुर्चीवर बसल्या आणि वर्गावर आल्यासारख्या झाल्या. मला म्हणाल्या, "बोलो." मी बोलले. पाठ करून गेले होते, अर्धं विसरले. मग काकांना म्हणाल्या, "सर, आप बोलो."

काका उभे राहून बोलले. नियम करणाऱ्याने स्वतःच्या घराला झुकतं माप दिलं की नियम मेला. त्यांच्या खात्यात त्यांनी हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. साहेबाच्या गल्लीत करंट जात नाही आणि बाकी गाव अंधारात. म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं घर शेवटी ठेवलं. बोलणं नेटकं होतं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि ऐकून माझा गोंधळ आणखी वाढला, कारण तसं पाहिलं तर त्यांचं खरंच होतं.

टीचरनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंटी का क्या बोलना है?"

काका म्हणाले, "तिला यात बोलता येत नाही. ती माझी पत्नी आहे. नियम करणाऱ्याच्या घरचं माणूस पक्षकार होत नाही."

"साँस तो उनकी है ना, सर?"

काकांनी वळून काकूंकडे पाहिलं. काकू नेहमीच्या खुर्चीत, आमच्यापासून चार हातांवर बसलेल्या. आजवरच्या सगळ्या सुनावण्यांना त्या अशाच बसलेल्या असायच्या. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की मी त्यांना एकाही सुनावणीत बोलताना ऐकलेलं नाही. आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मी अर्ज दिला तोही त्यांना न विचारता.

"बोलू का?" काकूंनी विचारलं. टीचरना, काकांना नाही.

"बोलिए."

काकू नळी सारखी करत म्हणाल्या, "भाजीवालीला विचारलं. फायलीवाल्याला विचारलं. त्या ऑटोवाल्याला विचारलं तेव्हा मी खिडकीतच होते. मी रोज वाट बघायची. म्हटलं, फिरत फिरत येईल माझ्यापर्यंत." मग त्या बराच वेळ श्वास घेत राहिल्या. आम्ही थांबलो. "तुम्हा सगळ्यांना वाटत असेल, ही म्हणणार, चालू द्या तुमचं पाणी, माझं काय आता. मला पण वाटायचं की असंच म्हणावं. पोरी कामाला जातात, त्यांना पाणी पाहिजे. पण नाही म्हणणार मी. मला मशीन पाहिजे. मला जगायचंय अजून. मोटर चालते तेवढा वेळ मला मरणाची भीती वाटती आणि हे समोर बसून घड्याळ बघतात. मला हे सांगायची लाज वाटायची. आता विचारलं म्हणून सांगितलं."

काका भिंतीजवळ उभे होते. कुणाचंही बोलणं संपलं की ते "नोंद घेतली" म्हणत. इतकी वर्षं, प्रत्येकाला. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना ते दोन शब्द म्हणता आले नाहीत. ते खाली बसले, जमिनीवर, कोटासकट.

टीचरनी वहीच्या पानावर हुकूम लिहिला. जनरेटर मशीनला. पाणी खालच्या टाकीतून ज्याने त्याने बादलीने न्यावं. काकांनी बसल्या जागेवरून विचारलं, "कारण?" सवयच ती. टीचर म्हणाल्या, "रीज़न आंटी ने बोल दिया, सर."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जिन्यावर बादल्या वाहायला लागलो. मी, माझा नवरा, टीचर, त्यांचे मिस्टर, आणि काका. काका स्वतःच्या घरचं पाणी खालचं खालीच असूनही टीचरच्या दोन बादल्या रोज तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचे. नको म्हटलं तर म्हणायचे, "ही माझी थकबाकी." खिडकीतून काकू आम्हाला बघायच्या आणि नळी नाकात असताना जोर लावून ओरडायच्या, "सांडू नका रे, पाय घसरेल." गाल जरा भरले होते त्यांचे.

त्याच आठवड्यात काकांनी मला चौदावं कलम टाइप करायला दिलं. त्यात पाणी नव्हतं आणि करंटही नव्हता. लिहिलं होतं, ज्याचं बंद करायचं आहे त्याला बंद करण्याआधी विचारावं, आणि नियम करणाऱ्याच्या घरातल्या माणसालाही माणसातच धरावं. मी विचारलं, "पण काका, आधी काय बंद करायचं, त्याचं उत्तर कुठाय?" ते म्हणाले, "हेच." बेटावरून दहा दिवसांनी ई-मेल आली. मसुदा फार आवडला, फक्त कलम चौदामध्ये पाणी की वीज हे कृपया स्पष्ट करावं. काकांनी तेच कलम परत पाठवलं. त्यांचं पुन्हा तेच उत्तर आलं. असं चार वेळा झालं. पुढे त्या देशाने काय ठरवलं मला माहीत नाही. कधी कधी नकाशात ठिपक्यांएवढी बेटं बघते आणि वाटतं, यातल्या कुठल्यातरी बेटावर आमच्या काकूंचं कलम असेल. नसेलही. बेट होतं की नव्हतं इथपासून माझी शंका आहे, पण ई-मेल तर मी डोळ्यांनी वाचल्यात.

माझा फॉर्मही मी त्याच दिवसांत भरला. पसंतीच्या रकान्यात 'हैदराबाद' लिहिलं. कारणाचा रकाना नव्हता, तरी खाली लिहिलं, 'मला इथंच राहायचं आहे.' साहेब हसले. पण घेतला.

काकू त्या पावसाळ्याच्या शेवटी गेल्या. करंट होता, मशीन चालू होतं, काका आमटी करत होते. कुणाचाही दोष नव्हता. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि काकांनी त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

सगळे दिवस झाल्यावर मीटरच्या पेटीवर एक कागद लागला. या वेळी फक्त मराठीत. 'जनरेटरवर आता खालच्या बिऱ्हाडाचा हक्क उरलेला नाही. उद्या सकाळी सातपासून मोटर पूर्ववत चालू राहील.' खाली सही. मी तो शेवटपर्यंत वाचला, एकदाही न अडखळता.

दुसऱ्या दिवशी करंट गेला होताच. सातला जनरेटर चालू झाला, मोटरने घूं केलं. मी वर आंघोळीला जायचं सोडून रिकामी बादली घेऊन जिन्यात आले. टीचर आधीच आल्या होत्या, दोन बादल्या घेऊन. काका दारात उभे होते, मोटरच्या बटणाजवळ. आत वेताची खुर्ची खिडकीपाशी तशीच होती. त्यांनी आमच्या हातातल्या बादल्या पाहिल्या. मग ते माझ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बंद करू का?"

आयुष्यभर विचारत आलेल्या माणसाने विचारलं. आणि वहीसुद्धा नव्हती हातात.

मी सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं सांगणारी बाई. टीचर पुढे झाल्या, बादल्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "रहने दो सर. चलने दो."

मोटर चालू राहिली. वर टाकी भरत होती, आणि तरीही काकांसकट आम्ही तिघं जिन्यावरून बादल्या वर नेत होतो.